लदेणीतला गूळ

माळतांड्याच्या खेमसिंग राठोडाची आटाचक्की तांड्याच्या तोंडाशीच आहे. घाटंजीकडून येणारी सडक जिथं वळते तिथं टिनाचं छप्पर, बाहेर एक बाज आणि आत पट्ट्याचा खडखडाट. हा माणूस वर्षभर पिठात असतो. भुवया पांढऱ्या, मिशा पांढऱ्या, कानांवरचे केससुद्धा पांढरे. बायका दळण घेऊन आल्या की त्याला आधी शिंक येते आणि मग रामराम. ज्वारी वेगळी, गहू वेगळा, हरभऱ्याची डाळ सगळ्यात शेवटी. एकीच्या डब्यात दुसरीचं पीठ गेलं, असं त्याच्या हातून कधी झालं नाही. सरळ माणूस. चारचौघांत त्याची गोष्ट सांगावी असं त्यानं काही केलंच नव्हतं.

पण हिवाळ्यात शेंगा वाळून तुरी खुळखुळायला लागल्या, की तीन दिवस चक्की बंद राहते. त्या तीन दिवसांत खेमसिंग हा चक्कीवाला खेमसिंग नसतो. तो त्याच्या खापरपणजोबाच्या काळातला माणूस असतो.

हे लदेणीचं वेड आहे. आगगाडी यायच्या आधी गोर बंजारा बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून मुलूखच्या मुलूख तुडवायचा. बैलांच्या त्या लांबच लांब रांगेला लदेणी म्हणत. मग रूळ आले, बैलांच्या पाठीवरच्या गोण्या उतरल्या आणि तांडे जिथं होते तिथंच बसले. बसले ते बसलेच. ती लदेणी पुन्हा उठवली ती घाटंजीच्या धम्मरत्न मास्तरांनी. मास्तर शाळेत इतिहास शिकवतात. घर बौद्ध, बंजाऱ्यांशी नातं ना गोतं, पण जुन्या वाटेचा माग लागला की त्यांना तहानभूक राहत नाही. जंगलात बैलांच्या खुरांनी झिजलेली एक जुनी पांदण त्यांना सापडली. इथून माणसं कशी जात असतील, असं ते ज्याला त्याला विचारत सुटले. उत्तर मिळेना, तेव्हा म्हणाले, विचारून काय होतं, चालून पाहू. पहिल्या वर्षी मूठभर बैल आणि मूठभर वेडे निघाले. बांधावरची माणसं पोट धरून हसली. आता त्याच लदेणीला नेरहून, यवतमाळहून, थेट नागपूरहून लोक येतात. पदरचं खातात, पायाला फोड आणतात आणि पुढच्या वर्षीची वाट पाहत घरी जातात.

मास्तरांचा नियम एकच होता. जसं होतं तसं. खोटं काही चालणार नाही. मनगटावर घड्याळ नाही, हातात प्लास्टिकची बाटली नाही, कपड्याला चेन नाही. दोर अंबाडीचा, गोणी सुतळीची, पाणी भोपळ्याच्या तुंब्यातलं. एकदा एका बैलाची वेसण नायलॉनची निघाली, तर मास्तरांनी अख्खी लदेणी उन्हात उभी केली होती. नेरचा अमर मोबाइलचं दुकान चालवतो. तो लदेणीत धान्य विकत घेणारा कंपनी सरकारचा गोरा साहेब व्हायचा. पहिल्या वर्षी तो तोंडाला पावडर फासून आला. मास्तरांनी त्याला नाल्यावर नेऊन तोंड धुवायला लावलं. म्हणाले, "साहेबपणा चालीत आण गड्या, पावडरीत नको."

खेमसिंगला हे सगळं फार आवडायचं. का आवडायचं ते सांगता यायचं नाही. पहाटे दव पडलेल्या तुरीच्या कडेनं बैल निघायचे. गळ्यातल्या घंटा एकामागून एक बोलायला लागायच्या. ओल्या गोणीचा वास, बैलाच्या घामाचा वास. पुढं चालणाऱ्या बायकांच्या फेटियांवरचे, म्हणजे घागऱ्यांवरचे, आरसे उन्हात लखलखायचे. बैलाच्या खांद्यावर हात टाकून तो चालत राही. चक्कीवर त्याचे हात काम करायचे, तो स्वतः तिथं नसायचा. लदेणीत तो पुरता असायचा. नखशिखांत.

बरोबर असायचा हिरासिंग पवार, पलीकडच्या तांड्याचा. बैल त्याचे. दोघं लहानपणापासूनचे मित्र, एकमेकांना शिवी दिल्याशिवाय दिवस उगवत नव्हता.

"अबे खेम्या, बैलाच्या पुढं चाल ना बे, बैलाले वाटून राह्यलं तूच त्याचा भाऊ हायस."

"मी भाऊ असलो तं तू कोण बे? शेपटी?"

अशी ही दोस्ती.

आणि लदेणीच्या पुढं, बाजेवर बसवून चार जण ज्याला नेत, तो भीमसिंग नायक. मास्तरांना सगळ्यात जास्त अभिमान त्याचा. बाकी सगळे सोंगं घेत, पण नायक मात्र खरा होता. माळतांड्याची नायकी, म्हणजे मुखियापण, त्याच्या घरात पिढ्यान् पिढ्या. ऐंशी ओलांडलेला, कान मंद, पण पागोटं डोक्यावर बसलं की पाठ ताठ व्हायची. मास्तर पाहुण्यांना सांगत, "आमच्याकडं नायकाचं काम करणारा कोणी नाही. आमच्याकडं नायकच आहे."

दर वर्षी मुक्कामावर जुन्या काळातला एक प्रसंग करायचे. या वर्षी मास्तरांनी सगाई धरली. गोर लोकांत तिला गूळ खाणं म्हणतात. मुलीचा बाप आणि मुलाचा बाप नायकापुढं बसतात, नायक विचारतो, हे सांगतात, मग एकमेकांच्या तोंडात गुळाचा खडा घालतात. पंच खातात, तांडा खातो. गूळ पोटात गेला की शब्द पक्का. मुलगा-मुलगी तिथं नसतातच. मुलीचा बाप म्हणून खेमसिंगला नेमलं, मुलाचा बाप म्हणून हिरासिंगला. मास्तरांनी मुलांची नावं बनवून दिली होती. मुलगी सोनकी, मुलगा गेमा. खेमसिंगनं चक्की चालू असताना, पट्ट्याच्या तालावर, सोनकी-गेमा, सोनकी-गेमा असं घोकून पाठ केलं होतं.

वाघाडी नदीच्या काठावर मुक्काम पडला. दिवस मावळायला टेकला होता. आजूबाजूच्या तांड्यांतली माणसं, बायका, म्हातारे बघायला आले होते. गोण्या रचून त्यावर नायकाला बसवलं. पंच बसले. डफडं वाजलं. खेमसिंग धोतर-पागोट्यात पुढं झाला, मांडी घातली. समोर हिरासिंग. दोघांनी एकमेकांकडं पाहिलं आणि दोघांनाही हसू आलं नाही. हेच पहिलं नवल.

नायकानं डोळे बारीक करून खेमसिंगकडं पाहिलं. मग गोरबोलीत विचारलं, जसं त्याच्या बापानं विचारलं असेल आणि बापाच्या बापानं, "छोरीरो नाम कांई?" मुलीचं नाव काय?

खेमसिंगच्या तोंडाशी सोनकी होती. जिभेवर होती. पण नायक समोर बसलेला. लहानपणापासून एकच ऐकलेलं होतं, की नायकापुढं खोटं बोलायचं नसतं. त्याच्या तोंडून निघालं, "सलोनी."

नायकानं हिरासिंगकडं मान वळवली. हिरासिंगनं एकदा खेमसिंगकडं पाहिलं आणि तो म्हणाला, "पियुष."

सलोनी ही खेमसिंगची खरीखुरी लेक, यवतमाळला नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला. पियुष हा हिरासिंगचा खराखुरा पोरगा, अमरावतीला टायरच्या दुकानात. नायकानं पंचांना विचारलं. पंचांनी माना हलवल्या. राठोड आणि पवार, गोत वेगळं, अडायला काही नव्हतं. हिरासिंगच्या तोंडात गूळ घालताना खेमसिंगच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पाणी मुलीच्या त्या बापाचं होतं, की चक्कीवाल्या खेमसिंगचं, हे त्याला तेव्हाही कळलं नाही. गुळाची परात फिरली. बायकांनी गाणं धरलं. डफड्याच्या आवाजात मास्तर मागं उभे होते, त्यांना नावं ऐकूच आली नाहीत. नंतर ते धावत आले आणि खेमसिंगचे दोन्ही हात धरले.

"खेमसिंगभाऊ, अंगावर काटा आला! असं वाटलं की खरंच चाललं आहे."

खेमसिंगनं मान डोलावली. त्यालाही तसंच वाटत होतं.

लदेणी संपली. खेमसिंग घरी आला, पागोटं खुंटीला टांगलं, चक्कीचा पट्टा चढवला. दळणाला पहिली आली ती रामीबाई. डबा खाली ठेवायच्या आधीच तिनं त्याच्या कपाळावरून हात ओवाळून स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडली.

"बरं केलं रे बाप्पा. पोट्टी चांगल्या घरी दिली. म्या सोता गूळ खाल्ला नदीवर."

"काकी, थो खेळ होता."

"कायचा खेळ? नायक बसला होता का नाई?"

"बसला होता."

"पंच होते का नाई?"

"होते."

"गूळ का प्लास्टिकचा होता?"

खेमसिंगला शिंक आली.

दुपारपर्यंत निम्म्या तांड्यानं अभिनंदन केलं. घरात बायको रुपीबाई भांडी अशी ठेवत होती, की प्रत्येक भांड्याला तिचं म्हणणं सांगायचं होतं. घरातली बोलणी गोरबोलीतली, पण इथं सगळ्यांना समजावी म्हणून वऱ्हाडीत.

"अजी, आपल्या पोट्टीचं लगन जमलं म्हून मले शेजारीण सांगून राह्यली. मी माय हाओ का पाहुणी?"

"अवं, तसं नाई. मी सोनकी म्हणणार होतो."

"मंग?"

"नायकापुढं तोंडातून निघालंच नाई."

रुपीबाईनं हातातलं भांडं खाली ठेवलं. "म्हंजे खरं बोलले तुमी?"

खेमसिंग विचारात पडला. खरं बोलला होता हे खरंच होतं. पण जे खरं बोलला, ते खरं होतं का? हा विचार त्याच्या डोक्यात चक्कीच्या दगडासारखा फिरू लागला आणि त्याला काही दळता येईना.

आता सरळ उठून हिरासिंगला विचारावं, तर तेही होईना. समजा हिरासिंगनं मनावर घेतलं असेल आणि हा जाऊन म्हणाला की मी तर खेळत होतो, तर काय राहील? तुझा पोरगा माझ्या लेकीच्या लायकीचा नाही, असंच ते ऐकू येईल. इतक्या वर्षांची दोस्ती. आणि समजा हिरासिंगनं मनावर घेतलं नसेल आणि हा गंभीर तोंड करून गेला, तर तो जन्मभर हसेल.

त्यातच संक्रांत आली. रुपीबाई दर वर्षी हिरासिंगच्या घरी तिळगूळ पाठवायची. या वर्षी न पाठवावा तर राग दिसतो, म्हणून पाठवला. दुसऱ्याच दिवशी हिरासिंगच्या घरून हिरवी साडी आली, सलोनीसाठी.

"घ्या," रुपीबाई म्हणाली. "आता बोला."

"दर साली आपुन तीळ पाठवतोच ना वं?"

"दर साली गूळ खाल्ला नव्हता तुमी."

खेमसिंग हिरासिंगकडं गेला. गोठ्यात हिरासिंग बैलाला खरारा करत होता. नेहमी लांबूनच हाक मारणारा माणूस आज नुसता हसला. खेमसिंगही नुसता हसला. मग दोघं बैलाकडं पाहत राहिले.

"यंदा लदेणी मस्त झाली," खेमसिंग म्हणाला.

"हाव. मस्त झाली."

"लोकाईले लय खरं वाटलं."

"हाव. लय खरं वाटलं." हिरासिंगचा खरारा एकाच जागी फिरत होता. "तुले?"

"मले काय?"

"नाई, काही नाई."

बैलानं शेपटी मारली. दोघांनी बैलाला दोष दिला आणि खेमसिंग चहा पिऊन परत आला. काय कळलं म्हणावं, तर काहीच नाही.

रात्री जेवणाआधी पियुषचा फोन आला. "काका, आई म्हणते माझं लगन जमलं. मी म्हटलं कोणासंग? थे म्हणते, सलोनीसंग. काका, सलोनीनं लहानपणी माझ्या डोक्यात दगड घातलता. अजून खूण हाय."

"तू काय म्हणतो मंग?"

"मी काय म्हणू? तुमी दोघायनं नायकापुढं शब्द देला म्हणते. मी नाई कसा म्हणू?"

म्हणजे तोही अडकला. खेमसिंगनं फोन ठेवला आणि पहिल्यांदा त्याला लदेणीचा राग आला. मग रागाचाच राग आला, कारण त्या संध्याकाळइतका तो दुसऱ्या कुठल्या संध्याकाळी सुखी नव्हता.

तो घाटंजीला मास्तरांकडं गेला. मास्तर अंगणात सुतळी वळत होते, पुढच्या वर्षीच्या गोण्यांसाठी.

"मास्तर, तुमीच सांगा. नदीवर झालं थे खरं का खोटं?"

मास्तर हसले. "खेमसिंगभाऊ, आपण सोंग घेतलं होतं."

"गूळ खरा होता?"

"हो. सेंद्रिय होता. मीच आणला."

"नायक खरा?"

"अर्थात. तोच तर..."

"आन् नावं खरी घेतली आमी. सलोनी आन् पियुष."

मास्तरांच्या हातातली सुतळी उलगडत गेली. मग ते म्हणाले, "भाऊ, मी तर सगळ्यांना सांगत फिरलो, खोटं काही चालणार नाही म्हणून. घड्याळं काढून ठेवली, वेसणी बदलल्या. आता मीच कोणत्या तोंडानं म्हणू, की ते खोटं होतं?"

"मंग खरं म्हणता?"

"तसंही म्हणता येत नाही ना." मास्तरांनी डोकं धरलं. "तुम्ही नायकांना विचारा. त्यांचंच ते."

शनिवारी सलोनी यवतमाळहून आली. बसमधून उतरली ती तडक चक्कीवर. पाठीला बॅग, पायात बूट.

"बाबा, तुमी माझं लगन खेळता खेळता जमवलं?"

"बेटा, बस. पाणी पे."

"पाणी नको. हाव का नाई सांगा."

"मले माहीत नाई," खेमसिंग म्हणाला, आणि ते त्याच्या तोंडून निघालेलं त्या आठवड्यातलं सगळ्यात सरळ वाक्य होतं.

सलोनी रागावणार होती, पण पिठानं माखलेल्या त्या चेहऱ्यावर तिला काय दिसलं कोण जाणे, ती बाजेवर त्याच्याजवळ बसली. "पियुष चांगला हाय, बाबा. पण मी आन् तो संग माती खाल्लेलो हाओ. माझी परीक्षा हाय. मंग मले नागपूरले नोकरी पाहाची हाय. माझं लगन मले इचारून करा. एवढंच."

"तुले इचारल्याबिगर तं मी करणारच नव्हतो."

"पण केलं."

"हाव. केलं."

दोघं भीमसिंग नायकाकडं गेले. म्हातारा ओट्यावर ऊन घेत बसला होता. खेमसिंगनं पाया पडून, कानाशी तोंड नेऊन सगळं सांगितलं. खेळ होता, नायकबा. मास्तरांनी ठरवलेला. आम्ही सोंग घेतलं होतं.

नायकानं सगळं ऐकलं. मग हळूच विचारलं, "कोणी सोंग घेतलं?"

"आमी. म्या आन् हिऱ्यानं."

"पंचायनं?"

"त्यायनं पण."

"आन् म्या?"

खेमसिंगनं लेकीकडं पाहिलं.

"माझ्या या ओट्यावर," नायक म्हणाला, "माझ्या बापाच्या काळात उभं राहाले जागा नसायची. आता बांधाचं भांडण झालं तं ठाण्यात जाते. लगन जमलं तं पत्रिका घेऊन येते, जेवाले बलावते. बरं हाय, माझी तक्रार नाई. पण त्या दिवशी गोणीवर बसलो, तू समोर बसला, म्या इचारलं आन् तुनं सांगतलं. पोटातून सांगतलं. मले वाटलं, कोणीतरी नायकाले इचाराले आलं. म्या काई सोंग घेतलं नव्हतं बापू. मी बसलो होतो."

आतापर्यंत खेमसिंगला वाटत होतं, प्रश्न लेकीचा आहे आणि शब्दाचा आहे. आता कळलं, की त्या संध्याकाळी जे झालं ते खोटं म्हणायचं, तर समोर बसलेल्या या माणसालाही खोटं म्हणावं लागतं. आणि खरं म्हणायचं, तर शेजारी उभी असलेली लेक जाते.

सलोनीच म्हणाली, "नायकबा, मंग तुमीच न्याव करा. बसा एकदा. मी येतो समोर."

दुसऱ्या दिवशी सकाळी तांड्यातल्या लिंबाखाली नायक बसला. तांडा गोळा झाला. मास्तर आले, कोपऱ्यात बसले. अमरही नेरहून आला. त्याला पाहून कोणीतरी म्हणालं, "साहेब, तुमी बी गूळ खाल्ला होता, तुमी साक्षीले राहा." अमरला हसावं की सलाम करावा ते कळेना.

खेमसिंगला सकाळी कपड्यांचीच पंचाईत पडली होती. धोतर नेसावं तर लोक म्हणतील पुन्हा खेळ, पँट घालावी तर नायकापुढं असं कसं जावं? शेवटी पँट घालून वर पागोटं बांधलं. हिरासिंग आला तो उलटा. खाली धोतर आणि वर चेन लावलेलं जाकीट. दोघांनी एकमेकांना पाहिलं आणि माना खाली घातल्या.

नायकानं विचारलं, "खेमसिंग, गूळ खाल्ला का?"

"खाल्ला, नायकबा."

"हिरासिंग?"

"खाल्ला. पण नायकबा..." हिरासिंगचा बांध फुटला. "मी तं गेमाच म्हणणार होतो! यानं सलोनी म्हटलं, मले वाटलं याच्या मनात हाय. आता मी गेमा म्हटलं तं याचा अपमान होते. म्हून पियुष म्हटलं!"

"आन् साडी कायले धाडली बे?" खेमसिंग ओरडला.

"तुनं तीळ धाडले म्हून!"

"तीळ तं दर साली धाडतो!"

"मले काय माहीत, यंदाचे तीळ कायचे हायेत!"

लिंबाखाली असा हशा पिकला की फांदीवरचे पोपट उडाले. नायक हसला नाही. तो सगळं शांत होईपर्यंत थांबला. मग सलोनीला म्हणाला, "तू बोल बेटा."

सलोनी उभी राहिली. आवाज थोडा कापला, पण थांबला नाही. "नायकबा, शब्द दोन बापायनं देला. माझ्या तोंडात कोणी गूळ घातला नाई. पियुषच्याही नाई. मले तुमचा मान ठेवाचा हाय. पण लगन मले कराचं हाय, आन् मी आता करत नाई."

पंच कुजबुजले. जुन्या काळी मुलीला कोण विचारत होतं, असं एक जण पुटपुटला. तिकडं रुपीबाईनं असं पाहिलं की तो पुढचं गिळून बसला.

नायकानं डोळे मिटले. सगळ्यांना वाटलं, म्हाताऱ्याला डुलकी लागली. मास्तर श्वास रोखून बसले होते. मग नायकानं डोळे उघडले आणि म्हणाला:

"गूळ खाल्ला. खाल्लेला गूळ थुकता येत नाई. पण ज्यानं खाल्ला, त्याच्याच पोटात हाय. पोट्टी मोकळी. पोट्टा मोकळा. खेमसिंग आन् हिरासिंग, तुमी दोघं खाल्ला, तुमी बांधले गेले. आजपासून तुमी व्याही."

"व्याही?" हिरासिंग म्हणाला. "लगन नाई आन् व्याही?"

"हाव. व्याह्याचा मान ठेवाचा. आलं तं पाय धुवाले पाणी. शिवीगाळ बंद. एकमेकाच्या सुखादुखाले आधी उभं राहाचं. नायकानं सांगतलं." आणि हात उचलला. पंचांनी माना हलवल्या. न्याय झाला.

सलोनीनं नायकाचे पाय धरले. नायकानं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो बराच वेळ तिथंच राहू दिला. मास्तर डोळे पुसत खेमसिंगकडं आले. "भाऊ, असा न्याय मी कुठं वाचला नाही, कुठं ऐकला नाही. ही जुनी रीत आहे का हो?"

"मले माहीत नाई, मास्तर."

"का नायकांनी आत्ताच..."

"थेही माहीत नाई."

हिरवी साडी परत गेली नाही. हिरासिंगच्या बायकोनं सांगितलं, व्याह्याच्या घरची पोरगी आहे, नेसू दे. सलोनी ती नेसून परीक्षेच्या आधी एकदा त्यांच्या घरी जाऊन आली, आणि पियुषला फोनवर म्हणाली, "भाऊ, सुटला तू." तो म्हणाला, "तू सुटली." त्या दोघांचं इथंच मिटलं.

मिटलं नाही ते या दोघांचं. न्यायाच्या दुसऱ्याच दिवशी, सोमवारी, खेमसिंगनं चक्की सुरू केली. ऊन चढलं. दळण संपत आलं होतं, तेवढ्यात हिरासिंग सायकलवर ज्वारीची पोतडी घेऊन आला. नेहमी तो सायकल टिनाला आपटून, आई-बहिणीवरून एखादी शिवी हासडून आत घुसायचा. आज त्यानं सायकल स्टँडला लावली. उपरणं सारखं केलं. उंबऱ्याशी उभा राहिला आणि घसा खाकरला.

"रामराम, व्याहीजी."

खेमसिंगनं पट्टा थांबवला. खडखडाट थांबला तशी चक्कीत एकदम शांतता झाली. त्याच्या ओठांवर 'ये बे' आलं होतं, ते त्यानं गिळलं.

"रामराम. या. बसा."

हिरासिंग बाजेच्या अगदी काठावर बसला, जणू दुसऱ्या कोणाची बाज आहे. दोघं समोरच्या सडकेकडं पाहत राहिले. हसावं का, ते कोणालाच कळेना. हसलं तर नायकाचा न्याय खोटा ठरेल, आणि न हसता किती वेळ बसायचं? खेमसिंगनं चोरून पाहिलं. हिरासिंगची मिशी हलत होती. हसू होतं का दुसरं काही, ते सांगता येत नव्हतं.

मग त्याला पाय धुवायच्या पाण्याची आठवण झाली. तो उठला, चक्कीच्या मागच्या दारानं घरात गेला. रुपीबाई चुलीपुढं होती.

"तांब्या दे वं पाण्याचा. मोठा. पितळेचा दे."

"पितळेचा? कोण आलं?"

खेमसिंग दारात उभा राहिला. पिठाचा हात चौकटीला टेकलेला. त्यानं तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. बाहेर बाजेवर बसलेल्या माणसाला काय म्हणावं, ते त्याला काही केल्या ठरवता येईना.